तुरुंगातलं नेतृत्व शिक्षण आणि कैद्याची स्वतःच्या नजरेतली किंमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कैदी, त्यांच्या घरची माणसं, तुरुंगात स्वयंसेवक म्हणून जाऊ पाहणारे आणि "गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?" असं रोखठोक विचारणारे नागरिक, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे घाईनं बोलून चालणार नव्हतं.

तुरुंगात नेतृत्व शिकवतात म्हणजे नक्की काय शिकवतात?

भाषणबाजी, फळ्यावरचे तक्ते आणि यशाची सूत्रं डोळ्यांपुढे आणू नका. तुरुंगात नेतृत्व म्हणजे दुसऱ्या माणसाची जबाबदारी घेणं आणि ती रोज निभावणं. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या वाटतात, पण अंगवळणी पडायला कठीण असतात. समोरच्याचं बोलणं मध्येच न तोडता ऐकायचं, राग डोक्यात गेलेला असताना थांबायचं, गटापुढे उभं राहून दोन वाक्यं नीट बोलायची, पटत नसलं तरी सगळ्यांनी मिळून ठरवलेलं मानायचं आणि दिलेली वेळ पाळायची.

शिकून झालं की खरं काम हाती दिलं जातं. ब्रिटनमध्ये १९९१ साली स्वान्सीच्या तुरुंगात समॅरिटन्स या संस्थेनं कैद्यांनाच ऐकण्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. आत्महत्येचे विचार मनात घोळणाऱ्या बंद्याजवळ रात्री-अपरात्री जाऊन बसायचं, तो सांगेल ते ऐकायचं आणि ऐकलेलं बाहेर फोडायचं नाही, हे त्यांचं काम. आयर्लंडमध्ये रेड क्रॉसनं २००९ मध्ये डब्लिनच्या व्हीटफिल्ड तुरुंगातून एक उपक्रम सुरू केला. त्यात कैदी आरोग्य, स्वच्छता आणि प्रथमोपचार शिकतात आणि आपल्यासोबतच्या कैद्यांपर्यंत ते पोचवतात. या दोन्ही ठिकाणी 'नेता' हा शब्द फारसा कोणी वापरत नाही, तरी मला हे नेतृत्वाचं सर्वांत अस्सल शिक्षण वाटतं.

माणसाची स्वतःच्या नजरेतली किंमत तुरुंगात जाते कशी? ती तर गुन्हा केला तेव्हाच गेली ना?

काही अंशी हो. पण बाकीची तुरुंगाच्या रोजच्या दिनक्रमात झिजते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स यांनी १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या एका तुरुंगाच्या अभ्यासातून कैदेची दुखणी मांडली. स्वातंत्र्य जातं हे तर उघडच आहे. त्याबरोबर स्वतःपुरतं काही ठरवण्याचा हक्क जातो, सुरक्षित वाटणं जातं, आपल्या म्हणाव्यात अशा वस्तू जातात, जोडीदाराचा सहवास जातो. तीन वर्षांनी दुसरे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी दाखवून दिलं की अशा बंदिस्त संस्था माणूस दारातून आत येतो तेव्हापासूनच त्याची ओळख उतरवून घेऊ लागतात. स्वतःचे कपडे जमा करायचे, अंगझडती द्यायची, नावाऐवजी नंबर घ्यायचा.

यातलं स्वतः ठरवण्याचा हक्क जाणं लोकांना किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. दार स्वतःच्या हातानं उघडायचं नाही. दिवा कधी मालवायचा, आंघोळ किती वेळात उरकायची, जेवायला कधी बसायचं हे दुसरं कोणी ठरवणार. गिनतीच्या वेळी दिवसातून अनेकदा रांगेत बसायचं आणि आकडा व्हायचं. साधा अर्ज लिहायचा तरी कागद मागावा लागतो. वर्षानुवर्षं असं गेलं की आपण काही ठरवू शकतो हेच माणूस विसरतो. सुटून आलेले काही जण बंद दारापुढे नुसते उभे राहतात, कोणीतरी ते उघडेल म्हणून. त्यांच्या घरच्यांना याचं नवल वाटतं. आतलं आयुष्य माहीत असलेल्यांना वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. अनेकांच्या बाबतीत ही किंमत तुरुंगात येण्याआधीच पार उतरलेली असते. लहानपणी मारहाण, अर्धवट सुटलेली शाळा, "तुझ्या हातून काही व्हायचं नाही" हे शब्द कान किटेपर्यंत ऐकलेले. अशा माणसाला 'गमावलेलं परत मिळवणं' हेही लागू पडत नाही. त्याला ते आयुष्यात पहिल्यांदाच मिळणार असतं.

मग नेतृत्वाच्या शिक्षणानं ती परत कशी येते? चार चांगले शब्द ऐकवून?

शब्दांनी येत नाही. "तू मौल्यवान आहेस" असं शंभर वेळा ऐकवा, कैदी मान डोलावतो आणि बराकीत परतला की विसरतो. खोटी स्तुती ओळखण्यात तो तुमच्या-आमच्यापेक्षा तरबेज असतो.

किंमत कळते ती आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं हे दिसल्यावर. ब्रिटनच्या तुरुंगांत शॅनन ट्रस्टचा एक उपक्रम आहे. वाचता येणारा कैदी न येणाऱ्याला शिकवतो, रोज सुमारे वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. एका बाकावर दोघं शेजारी बसलेत अशी कल्पना करा. शिकणारा पन्नाशीचा आहे, एकाच अक्षराशी तिसऱ्यांदा अडलाय आणि वही ढकलून उठायच्या बेतात आहे. शिकवणाऱ्याचा पारा चढलेला आहे, कारण धीर धरायची सवय त्यालाही नाही. बाहेर असता तर तो खेकसला असता. इथे तो गप्प बसतो, पान मागे उलटतो आणि कालचा, जमलेला धडा पुन्हा काढतो. शिकणारा तो वाचून दाखवतो. मग दोघं पुन्हा त्या अडलेल्या अक्षराकडे येतात.

या वीस मिनिटांत शिकवणाऱ्याचं काय झालं? त्यानं राग आवरला, शिकवायची पद्धत बदलली, दुसऱ्याची लाज राखली. आणि उद्या आपण गेलो नाही तर हा माणूस इथेच थांबेल, हेही त्याला ठाऊक झालं. काही महिन्यांनी त्या पन्नाशीच्या माणसानं मुलीला पहिलं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं, तर त्यात आपलाही वाटा आहे हे शिकवणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही.

मदत करणाऱ्याचा स्वतःचाच मोठा फायदा होतो, हे अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. पुढे गुन्हेगारीचे अभ्यासक शॅड मरूना यांनी लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारी सोडलेल्या आणि न सोडलेल्या लोकांच्या जीवनकथा ऐकल्या आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. न सोडलेल्यांच्या बोलण्यात सतत एकच सूर होता: आपल्या हातात काही नाही, सगळं आधीच ठरलेलं आहे. सोडलेल्यांचा भूतकाळ काही सौम्य नव्हता. पण ते आपली कहाणी वेगळ्या तऱ्हेनं सांगत. मुळात आपण वाईट नाही, जे भोगलं त्यातून शिकलो, आणि आता ते दुसऱ्याच्या, विशेषतः वाट चुकू पाहणाऱ्या तरुणांच्या उपयोगी पडावं, असा त्यांचा सूर होता. नेतृत्वाचं शिक्षण त्या कहाणीला काहीतरी ठोस पुरवतं. कैदी "मी बदललो" म्हणतो तेव्हा पुरावा म्हणून दाखवायला त्याच्याकडे काम असतं.

एखादं सत्र प्रत्यक्षात कसं चालतं?

अनेक देशांत चालणारं एक उदाहरण घेऊ, हिंसेला पर्याय शिकवणारा 'ऑल्टरनेटिव्ह्ज टू व्हायोलन्स प्रोजेक्ट'. त्याची सुरुवात १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन हेवन तुरुंगात झाली. विशेष म्हणजे मागणी आतून आली होती. गुन्ह्याच्या वाटेवरच्या पोरांना समजवायला निघालेल्या काही कैद्यांना आपली तयारी अपुरी वाटली, तेव्हा त्यांनी क्वेकर या अहिंसा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना अहिंसेचे धडे देण्याची विनंती केली.

सगळे गोल करून बसतात. शिकवणारा आणि शिकणारा यांची उंची सारखीच. आधी नियम ठरतात. कोणाचाही अपमान करायचा नाही, आणि स्वतःचाही नाही. इथलं बोलणं इथेच राहील. नको वाटलं तर "पुढे जा" म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याला पुढे ढकलायचं नाही, स्वतःच पुढे यायचं. स्वतःचा अपमान न करण्याचा नियम पाळायला सर्वांत जड जातो. "माझ्यासारख्या नालायकाला काय कळणार" हे वाक्य इतकं जिभेवर बसलेलं असतं की पहिल्या दिवशी ते पुन्हा पुन्हा अडवावं लागतं.

मग नावांचा खेळ. प्रत्येकानं आपल्या नावापुढे त्याच अक्षरानं सुरू होणारं एक चांगलं विशेषण लावायचं. मनमिळाऊ महेश, शांत शंकर, हसरी हमीदा. ऐकायला हे पोरकट वाटतं. पण कित्येक वर्षं नंबरानं किंवा शिवीनं हाक ऐकलेला माणूस स्वतःसाठी एक चांगला शब्द शोधायला बसतो तेव्हा तो बराच वेळ अडतो, आणि शेजारचाच कोणीतरी त्याला सुचवतो. तो शब्द पुढचे सगळे दिवस त्याच्या नावाला चिकटून राहतो.

पुढे भांडणाचे प्रसंग वठवून बघायचे, गटानं मिळून काही बनवायचं, रागाची सुरुवात शरीरात कुठे कळते ते शोधायचं. असे तीन टप्पे असतात: पायाभूत, प्रगत आणि मग इतरांना शिकवणारा घडवण्याचा. कायापालट घडवण्याची ताकद मला या तिसऱ्या टप्प्यात दिसते. काल कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेला माणूस आज वर्तुळाची सुरुवात करतो आणि नवा कोणी हाताची घडी घालून बसला तर त्याला घाई करत नाही.

ही अलीकडची परदेशी फॅशन आहे का?

नाही. १९१३ मध्ये थॉमस मॉट ऑस्बर्न हे एका सुधारणा आयोगाचे अध्यक्ष होते. कैद्यांबद्दल निर्णय घेण्याआधी त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात टॉम ब्राउन या नावानं एक आठवडा कैदी म्हणून काढला. सोबतच्या कैद्यांशी झालेल्या बोलण्यातूनच परस्पर कल्याण संघाची कल्पना निघाली. कैदी आपले प्रतिनिधी निवडून देत आणि ते शिस्तीची व कार्यक्रमांची जबाबदारी घेत. ज्या तुरुंगात एकमेकांशी बोलायलाही बंदी होती, तिथे हे घडलं. डिसेंबर १९१४ मध्ये ऑस्बर्न सिंग सिंग तुरुंगाचे अधीक्षक झाले आणि तिथेही त्यांनी हाच प्रयोग केला. राजकीय विरोध झाला, त्यांच्यावर खटले भरले गेले. ते टिकले नाहीत, पण १९१६ मध्ये ऑस्बर्न यांनी पद सोडलं.

आपल्या देशातही हे नवं नाही. १९९३ मध्ये किरण बेदी तिहारच्या महानिरीक्षक झाल्या तेव्हा त्यांनी कैद्यांच्या पंचायती नेमल्या आणि शिकलेल्या कैद्यांना न शिकलेल्यांचे शिक्षक केलं. राजस्थानात सांगानेरचा खुला तुरुंग १९६३ पासून चालतो. तिथे कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात आणि आतला कारभार बंदी पंचायत पाहते. ब्राझीलमध्ये १९७२ पासून रुजलेल्या 'अपाक' पद्धतीच्या तुरुंगांत शस्त्रधारी पहारेकरी नसतात. तिथे दाराच्या किल्ल्याही कैद्यांकडे असतात आणि त्यांना नंबरानं नव्हे, नावानं हाक मारली जाते.

दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगाची गोष्ट तर सांगितल्यावाचून राहवत नाही. वर्णद्वेषी राजवटीतल्या राजकीय कैद्यांनी तिथे फुटबॉल खेळू द्या म्हणून वर्षानुवर्षं चिकाटीनं मागणी केली. परवानगी मिळाल्यावर त्यांनी १९६९ मध्ये माकाना फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. तिची घटना लिहिली, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामने घेतले, पंच घडवले, तक्रारी लेखी ऐकल्या. २००७ मध्ये फिफानं तिला मानद सदस्यत्व दिलं. दिवसभर दगड फोडणारी माणसं संध्याकाळी ऑफसाइडच्या निर्णयावर रीतसर अपील लिहीत होती. संस्था कशी चालवायची याचं शिक्षण त्यांना कुठल्याही वर्गापेक्षा त्या लीगमधून जास्त मिळालं असेल.

कैद्यांच्या हाती अधिकार दिला तर दादागिरी वाढणार नाही का?

वाढू शकते. ही भीती निराधार नाही आणि या उपक्रमांवर प्रेम करणाऱ्यांनी तर ती जास्तच मनावर घ्यायला हवी.

अमेरिकेत टेक्सासच्या तुरुंगांत अनेक दशकं 'बिल्डिंग टेंडर' नावाची पद्धत होती. प्रशासन दांडगट कैदी निवडायचं आणि इतरांना ताब्यात ठेवायचं काम त्यांच्यावर सोपवायचं. त्यातून मारहाण, लूट, अत्याचार हे सगळं झालं. डेव्हिड रुइझ या कैद्यानं १९७२ मध्ये हातानं लिहिलेली याचिका दाखल केली आणि १९८० मध्ये न्यायालयानं या कारभारावर कडक ताशेरे ओढले. एका कैद्याला दुसऱ्यावर हुकूम चालवायला दिला की काय होतं, ते तिथे जगानं पाहिलं.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत, ४०व्या नियमात, ही रेषा स्पष्ट आखलेली आहे. शिस्त लावण्याच्या, शिक्षा करण्याच्या कोणत्याही कामावर कैद्याला नेमायचं नाही. मात्र त्याच नियमात पुढे म्हटलंय की देखरेखीखाली सामाजिक, शैक्षणिक किंवा क्रीडाविषयक कामं कैद्यांच्या गटांकडे सोपवायला हरकत नाही.

हाच खरा निकष. दुसऱ्याची सेवा करायची जबाबदारी द्या, दुसऱ्याला शिक्षा करायची ताकद देऊ नका. कैदी शिक्षकाला विद्यार्थ्याची मुलाकात बंद करता येता कामा नये. पंचायतीच्या सदस्याला कोणाच्या माफीच्या, म्हणजे शिक्षेतून कमी होणाऱ्या दिवसांवर शेरा मारता येता कामा नये. पदं ठरावीक मुदतीनं फिरती असावीत, निवड उघडपणे व्हावी, आणि कैदी प्रतिनिधीविरुद्धची तक्रार त्याच्याच हातातून न जाता थेट अधिकाऱ्यापर्यंत पोचायची वाट असावी. ही वाट नसेल तर मी तो उपक्रम सुरूच करू नका म्हणेन.

टोळीचे म्होरके तर आधीच 'नेते' असतात. त्यांना घ्यावं का?

घ्यावं, पण त्यांच्या जुन्या दबदब्यावर त्यांना इथलं पद मिळता कामा नये. त्यांनाही वर्तुळात सगळ्यांच्या बरोबरीनं बसावं लागेल. त्यांच्यातल्या काहींना माणसं बांधून ठेवायची हातोटी खरंच असते. आजवर लोक भीतीपोटी ऐकत होते, आता भीतीवाचून कोण ऐकतं हे पाहायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळते. काहींना ते झेपत नाही आणि ते मध्येच सोडून जातात.

अबोल, कमी शिकलेल्या कैद्याचा यात निभाव लागतो का?

लागतो. रात्री घाबरलेल्या माणसाजवळ शांत बसण्यासाठी पदवी लागत नाही. उलट नवख्या स्वयंसेवकांचं लक्ष नेहमी बोलक्यांकडे जातं, ते टाळायला हवं.

ज्यांचं नुकसान झालं, ज्यांचं माणूस गेलं, त्यांचं काय? गुन्हेगाराच्या आत्मसन्मानाची एवढी काळजी कशासाठी?

हा प्रश्न चिडून विचारला जातो आणि तो चिडूनच विचारला जाणं साहजिक आहे. त्याला बगल देणारा कुठलाही उपक्रम अपुरा आहे, असं मला मनापासून वाटतं.

स्वतःची किंमत कळणं म्हणजे केलेलं विसरणं नव्हे. जून प्राइस टँगनी यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी कैद्यांच्या अभ्यासात दोन भावना वेगळ्या केल्या आहेत. एक, 'मी वाईट केलं' ही टोचणी. दुसरी, 'मी आहेच वाईट' ही शरम. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात टोचणी जास्त असलेले कैदी सुटल्यानंतरच्या वर्षात पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळलेले दिसले. शरमेचा परिणाम मात्र इतका सरळ नव्हता. तिच्यापायी माणूस दोष दुसऱ्यांवर ढकलू लागला की पुन्हा गुन्हा करण्याकडे त्याचा कल वाढत होता.

याचं कारण समजण्यासारखं आहे. जो स्वतःला कचरा समजतो त्याला दुसऱ्याच्या दुःखाकडे बघायची ताकदच उरत नाही. तो सबबी सांगतो, पोलिसांना, नशिबाला, मित्रांना बोल लावतो. ज्याला आपण माणूस आहोत हे पटलंय, तोच 'त्या घरावर माझ्यामुळे काय कोसळलं' हा प्रश्न अंगावर घेऊ शकतो. त्यामुळे चांगल्या उपक्रमांत गुन्ह्याबद्दल स्पष्ट बोलावंच लागतं, केलेल्याचं नाव घ्यावं लागतं. आणि एक पथ्य फार जपायला हवं: पीडितांच्या कुटुंबाकडून क्षमेची अपेक्षा धरायची नाही, त्यांच्या इच्छेवाचून त्यांच्याशी संपर्क तर अजिबात करायचा नाही. कैद्याच्या सुधारणेसाठी ते काही देणं लागत नाहीत.

जन्मठेपेच्या कैद्याला याचा काय उपयोग? तो तर लवकर बाहेर यायचा नाही.

त्यालाच सर्वांत जास्त. आणि तुरुंगालाही त्याचाच जास्त. थोड्या मुदतीचे कैदी येतात-जातात, जन्मठेपवाले राहतात. बराकीचं वातावरण तेच ठरवतात. नवा पोरगा पहिल्या रात्री आत येतो तेव्हा त्याला शेजारच्या जुन्या कैद्यानं पाणी द्यायचं की धमकी, यावर त्याची पुढची वर्षं ठरू शकतात. ज्या जुन्या कैद्याला 'नव्यांना सांभाळणं हे माझं काम' असं वाटतं, त्याच्या लांबलचक वर्षांना काही आकार येतो.

न्यूयॉर्कमधल्या एका कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात बार्ड महाविद्यालयाच्या वर्गांत शिकणाऱ्या कैद्यांच्या वादविवाद संघानं २०१५ मध्ये हार्वर्डच्या संघाला हरवलं, तेव्हा जगभर बातमी झाली. त्या संघातले कैदी गंभीर गुन्ह्यांसाठी लांब शिक्षा भोगत होते आणि त्यांना अभ्यासासाठी इंटरनेटही नव्हतं.

न्यायाधीन किंवा थोड्या मुदतीच्या बंद्यांसाठी काही करता येतं का?

लांब अभ्यासक्रम जमत नाही, कारण कोण कधी जामिनावर सुटेल याचा नेम नसतो. छोटी, एका बैठकीत पुरी होणारी कामं द्यावीत: अर्ज लिहून देणं, वाचनालयाची नोंद ठेवणं, नव्या आलेल्याला नियम समजावणं. दोषी ठरायच्या आधीच आत वर्षं काढणाऱ्यांना तर याची फार गरज असते.

स्त्री कैद्यांसाठी वेगळा विचार करावा लागतो का?

हो. संख्येनं कमी म्हणून त्यांच्या वाट्याला उपक्रमही कमी येतात, आणि आले तरी अनेकदा शिवण-टिपण आणि सौंदर्यप्रसाधनापाशी थांबतात. अनेक जणी स्वतः अत्याचार सोसून आलेल्या असतात. अनेकींना घरचे भेटायला येत नाहीत. आई म्हणून आपण नापास झालो ही खंत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त त्यांना पोखरते. तेव्हा मुलांना पत्र, फोन, मुलाकात यांच्याशी उपक्रम जोडलेला हवा. गटापुढे बोलायला शिकलेली बाई मुलाशी फोनवर बोलायचाही धीर करते.

याने गुन्हे कमी होतात याचा पुरावा आहे का?

सांभाळून बोलायला हवं. अमेरिकेतल्या रँड संस्थेनं २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर न घेतलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी निघालं. पण तो आढावा शालेय, महाविद्यालयीन आणि व्यवसाय शिक्षणाचा होता. तो जसाच्या तसा नेतृत्वाच्या दोन दिवसांच्या शिबिराला चिकटवणं अप्रामाणिकपणाचं आहे.

शिवाय या उपक्रमांत बहुधा तेच कैदी येतात ज्यांना बदलायची इच्छा आधीच असते. फरक किती इच्छेचा आणि किती शिक्षणाचा, हे वेगळं काढणं कठीण असतं. म्हणून मी संस्थांना सांगेन की प्रमाणपत्रांची संख्या सांगू नका. बराकीतली भांडणं, शिस्तभंगाच्या नोंदी, स्वतःला इजा करण्याचे प्रकार, घरी गेलेली पत्रं, सुटल्यावर वर्षभर टिकलेलं काम, या गोष्टी नोंदवा.

तुरुंगातल्या शिपायांना आणि अधिकाऱ्यांना हे का पटावं?

त्यांना विचारात न घेता आखलेला उपक्रम सहसा टिकत नाही. सत्रासाठी बंद्यांना बराकीतून आणायचं, गिनतीची वेळ सांभाळायची, पहारा द्यायचा, हे सगळं शिपायाच्या अंगावर पडतं आणि त्याची ड्युटी आधीच लांबलेली असते. त्याला वाटतं, कैद्यांचे सत्कार होतात, आमचं कोण बघतं? हे गाऱ्हाणं खरं आहे. शक्य असेल तिथे त्यांच्यासाठीही तेच प्रशिक्षण ठेवावं. भांडण शब्दांनी मिटवू शकणारे चार कैदी बराकीत असले की रात्रपाळी किती हलकी जाते, हे एकदा अनुभवलेला शिपाई पुढच्या तुकडीसाठी नावं स्वतःहून सुचवतो.

उपक्रम दिखाऊ आहे हे कसं ओळखायचं?

फोटो भरपूर आणि काम शून्य असेल तर. समारोपाला पाहुणे येतात, कैदी ठरवून दिलेलं आभाराचं भाषण करतो, प्रमाणपत्र पेटीत जातं, दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. विचारायचा प्रश्न एकच: शिबिर संपल्यावर या माणसाच्या हाती कोणतं काम आलं? उत्तर नसेल तर ते मनोरंजन झालं.

दुसरी खूण म्हणजे कैद्याच्या सूचनेचं पुढे काय झालं. ग्रंथालयाची वेळ बदला असं गटानं सुचवलं आणि ती बदलली, किंवा का बदलता येत नाही हे अधिकाऱ्यानं येऊन सांगितलं, तर उपक्रम जिवंत आहे. मत विचारायचं आणि मग गप्प बसायचं, याने न विचारण्यापेक्षाही जास्त मन मोडतं.

सुटल्यानंतर हे सगळं टिकतं का?

इथेच बरेच जण कोसळतात. आत तो वर्ग घेत होता, लोक त्याचा शब्द मानत होते. बाहेर त्याला भाड्यानं खोली मिळत नाही, कामावर पूर्वीचा गुन्हा आडवा येतो, गल्लीत लोक नजर चुकवतात. आत कमावलेली किंमत बाहेरच्या पहिल्या महिन्यात पुन्हा गळून पडते.

म्हणून सुटण्याच्या निदान काही महिने आधीपासून बाहेरचा एक माणूस जोडलेला असावा, ओळखपत्रं तयार असावीत, आणि शक्य तर सुटलेल्यालाच पुढे त्याच उपक्रमात शिकवायला परत बोलवावं. आतल्या कैद्यांवर कुठल्याही पाहुण्यापेक्षा त्याच्या शब्दाचं वजन जास्त पडतं.

आमचा माणूस आत आहे. घरून आम्ही काय करू शकतो?

मुलाकातीत किंवा फोनवर "कसा आहेस, जेवलास का" याच्या पुढे जा. तो काय शिकतोय, कोणाला शिकवतोय ते विचारा. घरातल्या एखाद्या निर्णयात त्याचं मत घ्या: मुलाची शाळा, आईचं औषधपाणी. मत पटलं नाही तरी का पटलं नाही ते सांगा. आणि तो खरंच चुकीचं वागला असेल तर तेही बोला. गोंजारण्यापेक्षा त्याला याची गरज जास्त असते.

मला स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. काय लक्षात ठेवू?

तुरुंग प्रशासनाची लेखी परवानगी आणि ओळख पडताळणी आधी. काय आत न्यायचं, काय नाही हे विचारून घ्या, कारण साधी पेन किंवा वहीची स्पायरलही अडू शकते. कोणाचा निरोप, चिठ्ठी, पैसे आत-बाहेर करू नका, कितीही कळवळून सांगितलं तरी. त्याचा फटका तुमच्यासोबत सगळ्या गटाला बसतो. गुन्हा काय, हे स्वतःहून विचारू नका; तो सांगेल तेव्हा ऐका.

आणि ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा. येणार नसाल तर आधी कळवा आणि पुढच्या खेपेला का आला नाहीत ते स्वतः सांगा. तिथल्या माणसांना न सांगता सोडून जाणारे आयुष्यात भरपूर भेटलेले असतात. सहा महिने नेमानं जाणं जमणार नसेल तर सुरुवात करू नका. एखाद्या संस्थेचं बाहेरचं काम घ्या: पुस्तकं गोळा करणं, सुटलेल्यांसाठी कामाच्या जागा शोधणं, कागदपत्रांसाठी त्यांच्यासोबत कचेरीत जाणं. त्यालाही माणसं कमीच पडतात.